शिरजाईची चौपाटी

कासारवाडीत स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीत जयमाला सूर्यवंशी राहायची. तिच्या घरी एक जड, काळं शिलाई मशीन होतं. आसपासचे शिंपी ज्या कामाला हात लावत नसत, ते काम फिरत फिरत तिच्या दारात यायचं. मंडपाचं फाटलेलं कापड, गाड्यांची सीटकव्हरं, व्यायामशाळेतली ठोसे मारायची बॅग. दिवसा ती चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या एअरबॅग शिवायची, त्यामुळे जाड दोरा आणि निसरडं कापड यांची तिला भीती नव्हती.

तीन वर्षांपूर्वी पिंपळे गुरवचा शेखर असाच एक गठ्ठा घेऊन आला. उलगडायला लागला तर कापड खोलीत मावेना, दारातून बाहेर जिन्यापर्यंत गेलं.

"हे काय? पॅराशूट?"

"पतंग आहे ताई. काइट म्हणतात. पायाखाली फळी घ्यायची, ह्याच्या दोऱ्या धरायच्या आणि पाण्यावरून पळायचं. तीन शिंप्यांनी परत पाठवलंय मला."

जयमालाने कापड बोटांत चोळून पाहिलं. ओळखीचं वाटलं. दोन संध्याकाळी बसून तिने तो वीतभर फाटलेला पतंग असा शिवला की शेखरला जोड शोधावा लागला. मजुरी विचारली तर म्हणाली, "ती राहू द्या. हे उडवता कुठं, तेवढं एकदा दाखवा."

शेखरने तिला शिरजाई धरणावर नेलं. चाकणच्या कंपन्या मागे पडल्या, डोंगराची एक खिंड ओलांडली की खाली ते पाणी पसरलेलं असतं. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि पूर्वेच्या बाजूला मुरुमाचा लांबच लांब सपाट काठ उघडा पडतो. दुपारनंतर घाटाकडून वारा सुटतो, तो थेट ह्या काठावर येतो. समुद्र इथून कुठल्या कुठे, म्हणून ह्या लोकांनी त्या काठालाच चौपाटी नाव दिलं होतं.

जयमाला धाराशिवकडची. तिच्या गावात पाणी टँकरने यायचं आणि घागरीत संपायचं. गुडघ्याच्या वर पाणी तिने कधी अंगावर घेतलं नव्हतं. त्या दिवशी शेखरचा पतंग वर गेला, तो फळीवर उभा राहिला आणि बघता बघता पाणी कापत पार पलीकडे गेला, तेव्हा ती काठावर एकटीच मोठ्याने हसली. परत जाताना तिने नवऱ्याला फोन केला. "ज्ञानेश, मी पोहायला शिकणार हाय." ज्ञानेश टेम्पो चालवत होता. त्याला वाटलं, गाडीच्या आवाजात चुकीचं ऐकू आलं.

पण ती शिकली. आधी पोहणं, मग वारा. सहा महिने नाकातोंडात पाणी गेलं. एका रविवारी मात्र फळी पायाखाली तरंगली, पतंगाने कमरेच्या पट्ट्याला धरून तिला वर ओढलं आणि ती पाण्यावरून सुटली. किती वेळ, कुणास ठाऊक. काठावर परत आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. आपण सगळा वेळ ओरडत होतो, हे तिला इतरांकडून कळलं.

असे ते चौदा जण झाले. कुणी आयटीतले, कुणी आकुर्डीच्या दुचाकीच्या कारखान्यातले, एक दंतवैद्य, दोघं सख्खे भाऊ. यंदा एप्रिलच्या सुरुवातीला, आकुर्डीच्या कारखान्यात काम करणाऱ्या रणजीतने ग्रुपवर एक फोटो टाकला. चौपाटीच्या वाटेवर बाभळीच्या झाडाला पाटबंधारे खात्याची नोटीस लावली होती. पूर्वेचा सगळा काठ तारेच्या कुंपणात जाणार. आत जायचं तर ठेकेदाराच्या फाटकातून, पास घेऊन. खासगी जलक्रीडा बंद. ज्यांची हरकत असेल त्यांनी तिसऱ्या आठवड्यात अधिकाऱ्यांच्या पाहणीच्या वेळी जागेवर हजर राहावं. हजर नसेल त्याची हरकत नाही असं धरलं जाईल. पाहणी कोणत्या दिवशी, ते लिहिलेलंच नव्हतं.

ग्रुपवर रडके चेहरे पडायला लागले. शेखरने लिहिलं, "सरकारशी कोण भांडणार? कोकणात जाऊ महिन्यातून एकदा."

जयमाला पहिल्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये बसली होती. तिने लिहिलं नाही, सरळ शेखरला फोन लावला.

"दादा, महिन्यातून एकदा तुम्ही जाल. तुमच्याकडं गाडी हाय, शनिवार-रविवार सुट्टी हाय. मी काय करू? रणजीतनं काय करावं? आम्हाला आठवड्यात एक सुट्टी, तीबी कधी मंगळवारी."

"पण ताई, पाहणी कधी आहे तेच माहीत नाही. आठवडाभर कोण बसणार तिथं?"

"आपण. शिफ्टप्रमाणं."

त्या संध्याकाळी तिने वहीच्या पानावर तक्ता आखला. कंपनीत लाइनवर माणसं लावतात तसा. दुसऱ्या पाळीचे लोक सकाळी मोकळे, पहिल्या पाळीचे दुपारी तीननंतर, रात्रपाळीवाल्यांनी झोप अर्धी करायची. मग ती एकेकाला गाठत सुटली. रणजीतला आकुर्डीत पाळी सुटताना फाटकावर धरलं. दंतवैद्याकडे दात दाखवायच्या निमित्ताने गेली आणि तोंड उघडायच्या आधी तारीख मागितली. शेखरच्या घरी पिंपळे गुरवला गेली तेव्हा तो दारातच म्हणाला, "ताई, तुम्ही इतक्या पेटल्यात की नाही म्हणायची सोयच नाही." आणि त्याने गुरुवारची सकाळ आपल्या नावावर लिहिली.

चौदाच्या चौदा तयार झाले. पण चौदा माणसांना कोण विचारतो? काठ शिरजाई गावाचाही होता. त्या गावाची जुनी घरं धरणात गेली होती, लोक वर टेकडीवर वसले होते. पाणी हटलं की ओल्या गाळात ते वाल, काकडी लावत, म्हशी पाण्यावर आणत. पलीकडच्या चार वस्त्यांवर मासेमारीच्या होड्या होत्या. कुंपण झालं तर तेही बाहेरच राहणार होते. मग ते गप्प का?

"आबा बोलतील तसं गाव करतं," चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगितलं. "सोपानरावांनाच जाऊन विचारा."

सोपानराव मागे सरपंच होते. सत्तरी उलटली होती. जयमाला हरकतीचा कागद पिशवीत घेऊन त्यांच्या ओसरीवर गेली. त्यांच्या बायकोने, शालनबाईंनी, तिला पाण्याचा तांब्या दिला. तिने विषय काढताच सोपानराव म्हणाले,

"कुंपन मीच मागितलंय."

जयमालाने तांब्या खाली ठेवला.

"दिवाळीच्या सुट्टीत दोन पोरं आली व्हती शहरातनं. बुडाली. भाईरनं मानसं यायला उशीर झाला, मग मीच उतरलो. ह्या हातानं काढली दोन्ही. एकाच्या पायात नवे बूट व्हते." त्यांनी शेजारची काठी उचलली. "तुमी पतंग उडवा न्हाईतर इमान उडवा. मला पुन्हा कुनाला काढायचं न्हाई."

तिने कागद बाहेर काढलाच नाही. शालनबाईंनी आणलेला चहा प्यायली. उठताना मात्र तिने विचारलं, "आबा, कुठं बुडाली ती?"

"खानीवर."

"कुठली खाण? मी तीन वर्षं येतेय, मला खाण दिसली न्हाई कधी."

"दिसंल कशी? पान्याखाली हाय."

ते उठून ओसरीच्या कडेला आले. खाली पाणी चकाकत होतं. त्यांनी काठीने दाखवायला सुरुवात केली. ते वाळलेलं झाड दिसतंय, तिथं आमचा मळा. त्याच्या अलीकडं विहीर, ती बुजवलेली. आणि त्या काळ्या खडकाच्या पलीकडं दगडाची खाण. धरण बांधायला तिथूनच दगड काढला. पाण्यात वीस पावलं गुडघाभर जमीन लागते, एकविसाव्या पावलाला काहीच नाही.

"हे कुणाकुणाला ठाऊक हाय?"

"आमा म्हाताऱ्यास्नी."

"आणि खात्याला?"

"त्यांच्या नकाशात धरन हाय. धरनाखालचं गाव न्हाई."

जयमाला त्यांच्याकडे वळली. "आबा, मग कुंपण खाणीला घालायला सांगा. सगळ्या काठाला घालून काय होणार? पोरं तार वाकवून येतीलच. ठेकेदाराचा माणूस फाटकावर बसलेला, त्याला काय ठाऊक खाण कुठं ते? आम्ही इथं असतो. आम्हाला जागा दाखवा. कुणी तिकडं वळलं तर आम्ही हटकू. पाण्यात शिरून आणू."

"तुमच्या पतंगाला माझी म्हस बुजती," सोपानराव म्हणाले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

दोन दिवसांनी रणजीत चौपाटीवर आला होता. त्याने पाहिलं, म्हातारा खांद्यावर बांबू घेऊन काठाने चालला आहे आणि काळ्या खडकापाशी पाण्यात एकेक पाऊल टाकत बांबू रोवतो आहे. रणजीत धावत गेला आणि न विचारता दुसरा बांबू धरला.

त्यानंतर गोष्टी भराभर झाल्या. सोपानरावांनी वस्त्यांवर निरोप धाडला. अडचण एकच होती, त्या पाण्याच्या खळग्यात मोबाईलला रेंज नव्हती. अधिकारी कुठल्या घटकेला येतील ते कळल्यावर पलीकडच्या वस्त्यांना सांगणार कसं? जयमाला म्हणाली, "पतंग चढवू. सगळीकडून दिसतो. पतंग दिसले की या." सगळ्यांना ते पटलं. पतंग सोपानरावांच्या गोठ्यात, कडब्याशेजारी, गुंडाळून ठेवले गेले.

सोमवार गेला, मंगळवार, बुधवार गेला. जीप आली ती गुरुवारी सकाळी साडेअकराला.

जयमाला त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होती, म्हणून सकाळची तिथेच. शेखर आणि रणजीतही होते. जीपमधून अधिकारी उतरताच रणजीतने मोटारसायकलला किक मारली, खिंडीत जाऊन रेंज पकडली आणि ग्रुपवर दोन शब्द टाकले. "आल्या. या."

कारण अधिकारी बाई होत्या. विजयश्री मॅडम, उपअभियंता. पायात बूट, डोक्यावर टोपी, हातात फाइल. दोन कर्मचारी बरोबर. त्यांनी काठावर नजर फिरवली. काठावर जयमाला, शेखर, सोपानराव आणि चार म्हशी.

"हरकत घेणारे एवढेच?"

"येताहेत मॅडम," शेखर म्हणाला.

"मला अर्ध्या तासात निघायचंय."

जयमालाने वर पाहिलं. झाडाचं पान हलत नव्हतं. पाणी काचेसारखं. वाऱ्याशिवाय पतंग म्हणजे नुसती गादी. पतंगांचा बेत ठरवताना सकाळचा विचारच कुणी केला नव्हता. वारा रोज दीडच्या सुमाराला येतो, कधी दोनला, कधी येतच नाही.

तिने सोपानरावांकडे पाहिलं. म्हातारा पुढे झाला.

"बाई, नकाशा आनलाय न्हवं? चला, नकाशात जे न्हाई ते दावतो. चालायला लागंल मातुर."

आणि त्यांनी मॅडमना चालवलं. मळा कुठे होता, विहीर कुठे, गावाची वेस कुठे, खाणीची कड कुठून कुठे जाते. बांबू दाखवले. आधी मॅडम घड्याळ पाहत होत्या. मग त्यांनी फाइल उघडली, पेन काढलं. मग कर्मचाऱ्याला टेप घेऊन पाण्यात उतरायला लावलं. विसाव्या पावलानंतर अख्खा बांबू पाण्यात गेला तरी तळाला टेकला नाही, तेव्हा त्यांनी स्वतः नकाशावर खाणीची कड आखली.

परत आल्या तेव्हा एक वाजून गेला होता आणि शालनबाई डोक्यावर टोपलं घेऊन उतारावरून येत होत्या. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा.

"नको आजी, उशीर झालाय."

"उनात फिरलीस लेकरा. दोन घास खा, मग कर काय सही करायची ती."

मॅडम जीपच्या सावलीत बसल्या. पहिला घास घेतला, आणि जयमालाच्या मानेवरचे केस हलले.

ती गर्रकन वळली. पलीकडच्या कडेला पाण्याचा रंग बदलत होता. काळसर पट्टा उठला आणि काठाकडे सरकायला लागला.

"वारा!" ती ओरडली. "दादा, वारा आला!"

तोवर खिंडीतून मोटारसायकली उतरत होत्या. रणजीत आणि त्याच्या मागे रात्रपाळीवाले, तांबारलेल्या डोळ्यांचे, एक जण तर घरातल्या चपलांवरच. दंतवैद्य पांढऱ्या कोटात आला होता. गोठ्यातून पतंग धावत आणले. पतंगात हवा भरायचे हातपंप चालायला लागले, दोऱ्या सुटल्या, कुणी पट्टे बांधत होतं, कुणी ओरडत होतं. पहिला लाल पतंग उचलला गेला. मग पिवळा. मग जयमालाचा, जो तिने फेकून दिलेल्या तुकड्यांतून स्वतः शिवला होता. सात पतंग शिरजाईच्या आभाळात उभे राहिले.

विजयश्री मॅडम भाकरी हातात धरून वर बघत होत्या.

आणि पलीकडून होड्या निघाल्या. आधी दोन, मग मोजता येईनात इतक्या. डोंगराच्या वाटेने बायका उतरायला लागल्या, एक ट्रॅक्टर माणसांनी भरून आला, म्हशीवर बसून कुणी आलं. अर्ध्या तासात काठावर दीडशे माणूस उभं होतं, आणि सगळे एकदम बोलत होते. गाळातली काकडी, जाळी, म्हशींचं पाणी.

मॅडमनी हात वर केला. "मला सगळं ऐकायचंय. पण आधी माझं ऐका. त्या दोन मुलांच्या आया माझ्या ऑफिसात आल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उभी होते. मला परत तसं उभं राहायचं नाही. काठ उघडा ठेवला आणि कुणी बुडालं, तर तुमच्यातलं कोण काढणार आहे?"

जयमाला पुढे आली.

"आत्ता दाखवू?"

रणजीत लाइफ जॅकेट घालून होडीतून आत गेला, काठापासून लांब, आणि पाण्यात उडी टाकून हात हलवायला लागला. जयमालाने फळी पायात अडकवली. वारा आता चांगला भरला होता. पतंगाने हिसका दिला आणि ती निघाली, आधी एका अंगाला तिरकी, मग दुसऱ्या, वाऱ्याला कापत, वर वर. पाण्याचे थेंब तोंडावर सटासट बसत होते. रणजीतच्या जवळ पोचली, हात लांबवला आणि जोरात पुढे निघून गेली. चुकलं.

काठावरून "अरेरे!" उठलं. तिला ते ऐकू आलं. दात आवळून तिने पतंग फिरवला, वेग मारला, पुन्हा आली. ह्या खेपेला ती फळी सोडून सरळ पाण्यात पडली, त्याच्या शेजारी. "धर!" रणजीतने तिच्या पाठीमागचा पट्टा धरला. तिने पतंग खाली घेतला आणि वाऱ्याने त्या दोघांना एकत्र काठाकडे ओढायला सुरुवात केली. पाणी फुटत होतं, मागे फेसाची रेघ पडत होती. सोपानराव धोतर ओलं होण्याची पर्वा न करता मांड्यांपर्यंत पाण्यात शिरले होते. त्यांनीच रणजीतचा दंड धरून त्याला उभं केलं.

काठ शिट्ट्यांनी दणाणून गेला. शेखर घड्याळ दाखवत नाचत होता. "पाच मिनिटं! एक खेप चुकली तरी पाच मिनिटं!"

"चुकलात तुम्ही पहिल्यांदा," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम," जयमाला धापा टाकत म्हणाली. "म्हणूनच रोज सराव पाहिजे. तो बंद करू नका."

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी सोपानरावांना विचारलं, "आबा, तुम्ही कुंपण मागितलं होतंत. आता काय म्हणता?"

सोपानरावांनी पाणी निथळणाऱ्या हाताने काळा खडक दाखवला. "खानीला घाला. मजबूत घाला. बाकीचा काठ ह्यांच्या आन् आमच्या हवाली करा. ही पोरगी हटकंल. न्हाईच ऐकलं, तर मी हाय."

जयमाला त्या दिवशी ओल्या कपड्यांनीच कंपनीत पोचली, पाळीला चाळीस मिनिटं उशिरा. सुपरवायझर चिडला. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. पण मशीनवर बसल्यावर तिचे पाय खाली आपोआप थिरकत होते.

लेखी आदेश मेच्या शेवटी आला. सगळंच मिळालं नाही. पावसाळ्यात काठ पूर्ण बंद. एका वेळी पाण्यावर आठच पतंग, अंगात जॅकेट सक्तीचं. उत्तरेकडचं वळण पतंगांना मना, कारण तिथे होड्यांची जाळी असतात. सगळ्यात चांगला वारा त्या वळणावरच लागायचा, त्यामुळे रणजीत दोन दिवस फुगून बसला. पण ठेकेदाराचं फाटक रद्द झालं होतं, गाळातली शेती आणि म्हशी मोकळ्या होत्या, आणि खाणीच्या कडेने लोखंडी खांब रोवायचं काम सुरू झालं होतं. कड कुठे आहे ते दाखवायला सोपानराव रोज जायचे.

हंगामातल्या शेवटच्या रविवारी गाव काठावर जेवायला जमलं. ज्ञानेशने टेम्पोतून सामान आणलं होतं. जेवणं झाल्यावर शेखर शिकाऊ लोकांसाठीचा छोटा पतंग जमिनीवरूनच उडवून दाखवत होता. शालनबाई पदर खोचून पुढे आल्या.

"मला धरू दे जरा."

"मावशी, ओढतो हं तो."

"ओढू दे की."

जयमालाने त्यांच्या हातात दोऱ्या बांधलेली दांडी दिली आणि मागून कमरेला धरलं. पतंग सर्रकन वर गेला. शालनबाई चार पावलं फरपटत पुढे गेल्या, चप्पल मागे राहिली.

"अगं बया! ह्याला तर बैलाचा जोर हाय!"

"सोड! सोड, पडशील!" सोपानराव ओरडत धावले.

"न्हाई सोडत!" शालनबाई ओरडल्या, आणि हसत हसत आणखी चार पावलं पळाल्या.